वेगळं निघालेल्या गड्याचं पयलं पीक : पीटर गॅब्रिएलचा १९७७ चा अल्बम, सहा महिने आयकल्यावर

आमच्या गावात बँड म्हटलं की लग्नातला बँड. म्हून मी चौकात एकाले सांगतलं का एका इंग्रज गायकानं बँड सोडला अन् एकट्यानं अल्बम काढला, तं त्याचा पयला सवाल, "मंग आता सुपाऱ्या कोण घेते?" सवाल येडपट वाटते पण अल्बम सहा महिने आयकल्यावर मले वाटते का गॅब्रिएलसमोरही तवा हाच सवाल असन.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडचा, कास्तकार. इंग्रजी गाण्याचा काही मोठा जाणकार नाई. नुसरत फतेह अली खानच्या कव्वाल्या आयकत होतो, त्याच्यातल्या काही रिअल वर्ल्ड नावाच्या कंपनीच्या निघाल्या, ते कंपनी या पीटर गॅब्रिएलची, म्हून पायलं हा गडी स्वतः काय गाते. इथं एक सावधान करतो, याचे पयले चार अल्बम एकाच नावाचे आहेत, नुसतं "पीटर गॅब्रिएल", म्हून लोक कव्हरवरून ओळखतात. पयला म्हंजे "कार", निळ्या गाडीवर पावसाचे थेंब अन् आत काचेमागं हा बसला आहे. मी आधी चुकून दुसराच डाउनलोड केला अन् आठ दिवस त्यालेच पयला समजून आयकला, हसू नका.

आता आयकलं कसं ते सांगतो कारण त्याच्यावर लय काही अवलंबून आहे. नोव्हेंबरपासून हरभऱ्यात जागल होती, रानडुकरं अन् रोही, दोन्हीचा तरास. वरून एक आठवडा रात्रीची लाईन, म्हंजे मोटर चालू करून पाणी फिरवत बसा. मचाणावर दोन्ही कानात इअरफोन घालता येत नाई, एक कान वावराकडं ठेवाच लागते, नाई तं गाणं संपेपर्यंत तासाभराचं पीक गेलं समजा. तं पयले दोन महिने मी हा अल्बम एकाच कानानं आयकला. एक्केचाळीस मिनिटाच्या आसपासचा आहे, तेवढ्यात एक पट्टा ओला होते. अन् खरं सांगतो, तवा मले अल्बम भंगार वाटला होता. अर्धी वाद्यं दुसऱ्या कानात होती ना बाप्पा.

थोडं मागचं सांगतो. जेनेसिस हा त्याचा बँड, शाळेतल्या पोरायनं मिळून काढलेला. हा गडी स्टेजवर सोंगं घ्यायचा, बायकोचा लाल ड्रेस घालून वरतून कोल्ह्याचं मुंडकं, कधी डोक्याभोवती फुलाच्या पाकळ्या. आमच्या खडीगंमतवाल्यायले (गावातले सोंगं घेणारे लोककलावंत) हे दाखवलं असतं तं त्यायनं त्याले लगेच पार्टीत घेतलं असतं. १९७४ चा डबल अल्बम झाला, त्याचा दौरा झाला अन् १९७५ मधी हा बाहेर. आता लोकायले वाटलं असन का घर बुडालं. तसं काही झालं नाई, ड्रमवर बसणारा फिल कॉलिन्स समोर येऊन गायले लागला अन् १९७६ मधीच त्यायचा नवीन अल्बम बाजारात आला, चाललाही चांगला. मोठा भाऊ वेगळा निघाला अन् लहान्यानं वावर अजूनच बरं पिकवलं, तसं. अन् मोठ्याचं पयलं पीक यायले १९७७ उजाडलं.

माह्यासाठी अल्बम म्हंजे आधी "सॉल्सबरी हिल", बाकी नंतर. हे गाणं त्यानं बँड सोडला त्याच्यावरच आहे, पण त्याच्यात भांडण नाई, शिव्या नाई, वाटणीचा हिशोब नाई. रात्रीची टेकडी, खाली शहराचे दिवे, अन् एक गरुड येते. बस. ते टेकडी खरी आहे, इंग्लंडात बाथ शहराजवळ, उंची म्हणे ६२५ फूट. आमचं यवतमाळच समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या वर, म्हंजे त्यायची टेकडी आमच्या बसस्टँडच्याही खाली राह्यली. असो.

खरी गंमत तालात आहे. मी स्वतः चार सिझन धुमालमधी (वरातीत वाजवणारी पार्टी) पॅड वाजवलेलं आहे, त्याच्याआधी भजनात खंजिरी, म्हून हात आपोआप मोजतात. पयल्यांदा आयकलं तं हात चुकला. परत लावलं, परत चुकला. वाटलं फाइल खराब आहे, मधात कुठं कटून राहिली. मंग मोजलं तं सात मात्रा! आपल्या रूपकाच्या सात. पण रूपकाचा ठेका त्याच्यावर ठेवून पायला तं बसत नाई, कारण खालचा बेस ड्रम कोणतीही खाली-भरी (हलका-जड ठोका) दाखवत नाई, प्रत्येक मात्रेवर सारखा ठोका देत राह्यते, माणूस चालल्यासारखा. कडव्याच्या शेवटी थोडा वेळ चारवर येते अन् परत सातवर. हे सगळं मले मचाणावर नाई समजलं, धुऱ्यानं चालता चालता समजलं. गाण्याच्या ठोक्यावर पाय टाकत जा, सम, म्हंजे आवर्तनाची पयली मात्रा, पयले डाव्या पायावर येते, पुढच्या आवर्तनाले उजव्यावर, मंग परत डाव्यावर. सात विषम ना. म्हून ते गाणं तुमाले एका पायावर कधी टिकू देत नाई, सारखं पुढं लोटते. बँड सोडलेल्या माणसाले याच्याहून बरोबर ताल कोणता राह्यते सांगा. कोणी मुद्दाम केलं का आपोआप झालं मले घेणं नाई, पण फेब्रुवारीतल्या त्या रात्रीपासून हा अल्बम माह्या फोनमधून हलला नाई.

आता तक्रार. प्रोड्युसर बॉब एझरिन, रॉकवाल्या अॅलिस कूपरचे अल्बम करणारा, पुढं १९७९ मधी पिंक फ्लॉइड बँडच्या "द वॉल" अल्बमवरही तो होता. मोठं काम करायची सवय. वाजवणारेही तगडे घेतले, गिटारीवर रॉबर्ट फ्रिप, बेसवर टोनी लेविन (हा पुढं वर्षानुवर्षं गॅब्रिएलसोबत राह्यला). पण एझरिनले जागा रिकामी पाहवत नाई. "डाउन द डॉल्चे व्हिटा"मधी तं लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणून बसवला, अख्खा! अन् शेवटचं "हिअर कम्स द फ्लड", ते माह्या सगळ्यात रागाचं अन् सगळ्यात लाडाचं. सुरुवात एकदम हळू, रात्री आयकू यावं म्हून आवाज वाढवा लागते, अन् वाढवला की पुढं सगळं एकदम अंगावर येते, गिटार काय, ड्रम काय. एकदा मी मचाणावरून पडता पडता राह्यलो. पूर म्हटला की आमाले जुलै २०२३ आठवते, जिल्ह्यात पाण्यानं काय केलं ते पायलं आहे, पूर येताना आधी शांतता राह्यते हे खरं, पण गाण्यातला पूर पाण्याचा नाई, माणसाच्या मनातलं बाहेर येते तो आहे, त्याले एवढा गाजावाजा कायले? त्यालेही पटलं असन, कारण १९७९ मधी फ्रिपच्या अल्बमवर अन् मंग १९९० च्या आपल्या निवडक गाण्यात त्यानं हेच गाणं पियानोवर साधेपणानं परत म्हटलं. ते दोन्ही आयका, मंग हे आयका. मले तं पियानोवालंच खरं वाटते.

बाकीचे गाणे म्हंजे नऊ गाण्याची नऊ लुगडी. पयल्या गाण्यात येगयेगळे आवाज काढते, "मॉडर्न लव्ह" सरळ रॉक, "वेटिंग फॉर द बिग वन" सात मिनिट ब्लूज अन् त्याच्यात माह्या दोन डुलक्या होतात. "हमड्रम" बारकं आहे पण रात्री दोन्ही कानानं आयकाल तं लय आत जाते. "एक्सक्यूज मी"मधी चार गडी तोंडानं सूर धरतात अन् खाली ट्युबा, आमच्या लग्नाच्या बँडमधला मोठा भोंगा असते ना, त्याचाच भाऊ. स्पीकरवर ऑर्केस्ट्रावालं लावलं तं डुकरं दोन रात्री आली नाईत, तिसऱ्या रात्री सवय झाली त्यायले.

आधी मले हे असं ठिगळं लावल्यासारखं आवडलं नव्हतं. म्हणायचो, मुखवटा काढला म्हणते अन् नऊ नवीन घातले. मंग माह्याच डोक्यात आलं. मी धुमालची पार्टी सोडली (पैशावरूनच, दुसरं काय) तं पयल्या वर्षात मी काय काय केलं? कीबोर्ड शिकलो अर्धा, एका डीजेसोबत फिरलो, भजनात परत गेलो, गणपतीत निवेदन केलं. कोणी इचारलं आता काय वाजवतोस तं रोज येगळं सांगायचो. हा अल्बम म्हंजे तेच वरीस आहे. ज्याले जेनेसिसमधला सोंगाड्या पायजे त्यानं इकडं येऊ नये, अन् ज्याले पुढच्या काळातला हिट गॅब्रिएल पायजे त्यालेही इथं तो अर्धाच भेटन. मी पाचपैकी साडेतीन देतो, सॉल्सबरी हिलले येगळे पाच.

इअरफोनवरच आयका, तेही दोन्ही कानात, अन् आवाजाच्या बटनावर बोट ठेवून. गेल्या महिन्यात फोनची मेमरी भरली तं मी नऊपैकी पाच गाणे काढून टाकले, "एक्सक्यूज मी" त्याच्यातच गेलं. पोरीनं दोन दिवस डोकं खाल्लं, "बाबा तो भोंगा कुठं गेला?" शेवटी दारव्ह्याले बाजाराच्या दिवशी नेटवर्क भेटलं तवा परत डाउनलोड करून आणला.