क्वांटम बायोलॉजीचा ऑनलाइन कोर्स : रॉबिन पक्ष्याच्या भागासाठी नक्की बघा, प्रकाशसंश्लेषणाचा भाग जपून

क्वांटम बायोलॉजी म्हणजे सजीवांच्या आत क्वांटम फिजिक्स कुठे कामी येतं याचा अभ्यास, त्याचा हा कोर्स कालच संपवला. रेकॉर्डेड व्हिडिओ आहेत, प्रत्येक भागानंतर छोटी क्विझ, बारावीचं फिजिक्स थोडंफार आठवत असेल तर अडत नाही. घ्यावा का? हो, घ्या. पण एका भागाचा मला खरंच राग आलाय, तो पुढे सांगते.

पक्ष्यांचा भाग एक नंबर!! युरोपियन रॉबिन हा एवढासा पक्षी रात्रीचा स्थलांतर करतो आणि दिशेसाठी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र वापरतो, जे असतं जेमतेम 50 मायक्रोटेस्लाच्या आसपास. प्रयोगात त्याला नरसाळ्यासारख्या पिंजऱ्यात ठेवतात, आतून ओरखडे उमटतील असा कागद, मग त्याला जिकडे जायचंय तिकडेच तो उड्या मारत राहतो आणि त्या बाजूला नखांचे ओरखडे दाट होतात. जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग विद्यापीठाच्या आवारात मात्र पक्ष्यांना दिशाच सापडेना. मग लाकडी खोल्यांना अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे लावून अर्थिंग दिलं, तर पक्षी बरोबर दिशेला, अर्थिंग काढलं की परत गोंधळ! उपकरणांमधून येणाऱ्या रेडिओ लहरी नडत होत्या, हे 2014 मध्ये छापून आलं. आता एवढ्या क्षीण लहरींनी बिघडणारं होकायंत्र म्हणजे साधी लोहचुंबकाची सुई नसणार, म्हणून डोळ्यातल्या क्रिप्टोक्रोम प्रोटीनवर संशय, त्यात प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन उडी मारतो आणि दोन एकटे इलेक्ट्रॉन उरतात, त्यांच्या स्पिनवर (इलेक्ट्रॉनचा अंगभूत, छोट्या चुंबकासारखा गुण) चुंबकीय क्षेत्राचा परिणाम होतो. रॉबिनच्या क्रिप्टोक्रोमवर असा परिणाम 2021 मध्ये परीक्षानळीत दिसला, जिवंत पक्ष्याच्या डोळ्यात अजून नाही, आणि शिकवणाऱ्या बाईंनी हे स्वच्छ सांगितलंय. हे मला फार आवडलं.

एन्झाइमचा भागही छान. हायड्रोजनच्या जागी दुप्पट वजनाचा ड्युटेरियम घातला की रिॲक्शन मंदावते, नेहमीच्या हिशोबाने सातेक पट मंदावायला हवी, पण सोयाबीनमधल्या एका एन्झाइममध्ये ती 80 पटीच्या घरात जाते, म्हणजे हायड्रोजन अडथळ्यावरून न जाता त्यातून टनेलिंग करून जातो.

आता प्रकाशसंश्लेषण. 2007 मध्ये अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या फ्लेमिंग गटाने हिरव्या सल्फर बॅक्टेरियातल्या प्रोटीनवर लेसर टाकून 660 फेम्टोसेकंद (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) टिकणारी आंदोलनं, म्हणजे सिग्नलचे चढउतार, पाहिली, तेही उणे 196 अंशांना. ती क्वांटम कोहेरन्सची खूण मानली गेली, म्हणजे ऊर्जा एकाच वेळी अनेक रेणूंवर लयीत पसरलेली असते. इथपर्यंत ठीक. पण कोर्स तिथेच थांबतो, जणू पुढे काही घडलंच नाही! 2020 मध्ये याच क्षेत्रातल्या संशोधकांनी मिळून सगळं परत तपासलं आणि लिहिलं की ती आंदोलनं मुख्यतः रेणूंच्या कंपनांची आहेत, इलेक्ट्रॉनिक कोहेरन्स इतका चटकन मरतो की ऊर्जा पोचवायच्या कामी येत नाही. आणि क्विझमध्ये प्रश्न काय, 'पान ऊर्जा इतक्या कार्यक्षमतेने का पोचवतं', बरोबर उत्तर 'क्वांटम कोहेरन्स'. मी दुसरा पर्याय निवडला, लाल फुली. मेल केला, तर उत्तर आलं की अभ्यासक्रम ठरलेला आहे. पक्ष्यांच्या भागात दाखवलेला प्रामाणिकपणा इथे का नाही? नव्याने शिकणारा माणूस हेच डोक्यात घेऊन जाणार ना.

मेंदूचा भाग छोटाच आहे, जाणीव मेंदूतल्या क्वांटम घडामोडींतून येते ही पेनरोजची कल्पना, आणि मेंदूत अशा क्वांटम अवस्था फार चटकन मोडतात हे दाखवणारं टेगमार्कचं 2000 सालचं गणित, दोन्ही येतात, चालेल.

पाचपैकी साडेतीन. क्विझमधला तो प्रश्न बदलला तर इथे येऊन अपडेट करेन.