पायातलं कडं की ठाण्यातली हजेरी?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या एका मित्राच्या पुतण्याला जामीन झाला. अट एकच: दर रविवारी ठाण्यात हजेरी. मित्र म्हणतो, "त्यापेक्षा काश्मिरातलं ते ठावठिकाणा सांगणारं जीपीएसचं कडं बरं नव्हे काय?" जम्मू-काश्मीर पोलिसांनी २०२३ मध्ये जामिनावरच्या आरोपींच्या पायात असं कडं घातलं होतं. आपल्याकडे ते मिळेल असं नाही, पण तुलना करू.

खर्च म्हणाल तर हजेरीला बसभाडं आणि बुडालेला रविवार.

त्रास कड्याचाच जास्त. रोज चार्ज करायचं, रेंज सांभाळायची. कणकुंबी-जांबोटीच्या रानात फोनही मुका होतो. तिथे कडं गप्प झालं की संशय पोरावरच.

खरा फरक खासगीपणाचा. हजेरी आठवड्यातला तासभर घेते, कडं चोवीस तास. दवाखाना, वकिलाचं घर, रात्रीचा मुक्काम, सगळ्याची नोंद. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुगल मॅप्सवरून तपास अधिकाऱ्याला ठावठिकाणा दाखवत राहण्याची जामिनाची अट रद्द केली. ती घटनेच्या कलम २१ च्या खासगीपणाच्या हक्काविरुद्ध ठरली. (लाज दोन्हीकडे आहेच. कडं पँटखाली झाकतं, ठाण्याच्या पायरीवर मात्र सगळा गाव बघतो.)

पुतण्या शिनोळीला, म्हणजे हद्दीपलीकडे महाराष्ट्रात कामाला जातो आणि रविवारी सुट्टी असते. त्याला हजेरीच बरी. पण ज्याला नुसत्या हजेरीवर जामीन मिळत नाही, ज्याच्यापुढे बेळगावचं हिंडलगा जेल किंवा कडं एवढंच असेल, त्याने कडं घ्यावं.