गोडसे भटजींचा 'माझा प्रवास': कोणती प्रत घ्यावी, कशी वाचावी

१८५७ वर मराठीत काही वाचायचे असेल तर सुरुवात विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'पासूनच करावी, असे माझे ठाम मत आहे. झाशीवर कादंबऱ्या पुष्कळ आहेत. पण वेढ्यात अडकलेल्या निःशस्त्र माणसाने काय पाहिले, ते इथे मिळते. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक घरच्या कर्जाने गांजलेले होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, असे कानावर आल्यावर ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि इंदूरजवळच्या महूच्या आसपास बंडात सापडले.

विकत घेण्याआधी प्रत तपासा. चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून गोडश्यांनी १८८३ च्या सुमारास ही हकीकत लिहिली. वैद्यांनी १९०७ मध्ये ती छापली, पण काटछाट करून आणि भाषा घासूनपुसून. मूळ हस्तलिखितावरचा पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. बाजारात दोन्ही पाठ एकाच नावाने मिळतात, त्यामुळे मुखपृष्ठावर जाऊ नका. आतल्या पानावर पोतदारांचे नाव आणि मूळ हस्तलिखिताचा उल्लेख आहे का ते बघा. नुसती वैद्यांची प्रस्तावना असेल तर तो संपादित पाठ समजावा. तो वाचायला सोपा जातो खरा, पण गोडश्यांचा आवाज मूळ पाठातच ऐकू येतो. लांबलचक वाक्यांनी पहिली वीस-पंचवीस पाने अडखळायला होते. मोठ्याने वाचली की वाक्य कुठे तुटते ते कळते आणि पुढे सवय होते.

वाचताना हातात पेन्सिल ठेवा. जबानी तपासताना करतात तसे समासात 'पाहिले' आणि 'ऐकले' अशा खुणा करत जा. बंडाची कारणे सांगताना कलकत्त्यात राजेरजवाड्यांपुढे ठेवलेल्या ८४ नियमांची गोष्ट येते, ती ऐकीव आहे. झाशीचे राजे गंगाधरराव यांच्याविषयीचा मजकूर आणि त्यांची राणी लक्ष्मीबाई हिच्या शेवटाची हकीकतही ऐकीवच. झाशीचा वेढा मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत घडला, आणि पुस्तकाचा खरा ऐवज तोच आहे. रात्री आभाळातून तापलेले कुलपी (फुटणारे) गोळे येताना दिसतात, पाण्यासाठी जीव मुठीत धरून बाहेर पडावे लागते, आणि शहर पडल्यावर लूट कशी टप्प्याटप्प्याने झाली हेही कळते. आधी सोने-चांदी, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कापडचोपड, शेवटी धान्य. राजवाड्यातल्या ग्रंथांची धूळधाण लिहिताना या विद्येच्या माणसाचा जीव तुटतो, ते वाचताना आपल्यालाही हलवून जाते. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी पहाटे भेटलेली, दमलेली, तहानलेली राणी तर कुठल्याही पुतळ्यापेक्षा खरी वाटते.

तारखांवर मात्र भिस्त ठेवू नये. हे लेखन घटनांनंतर पाव शतकाने, आठवणीतून झाले आहे, त्यामुळे क्रम आणि सैन्याचे आकडे जागोजागी घसरतात. पुस्तकातल्या शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९ मिळवायचे. शके १७८० चा चैत्र १८५८ च्या मार्चच्या मध्याला लागला. इंग्रज सेनापती ह्यू रोझ २१ मार्चला झाशीपुढे आला, १ एप्रिलला बेतवेकाठी झाशीच्या मदतीला आलेली तात्या टोपेंची फौज हरली आणि ३ एप्रिलला इंग्रजांनी शहरावर हल्ला चढवला. या तीन तारखा पुठ्ठ्याच्या आत लिहून ठेवल्या तर वेढ्याचे प्रकरण नीट जुळते. सोबत नकाशाही हवा. वरसई, पुणे, महू, ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट एवढी ठिकाणे आधी शोधून ठेवा, नाहीतर झाशीनंतरच्या भटकंतीत दिशाच कळत नाही.

या उत्तरार्धात पुस्तक थोडे रेंगाळते. तीर्थे, स्नाने, कोणी किती दक्षिणा दिली यात पाने जातात. ती गाळू नयेत, कारण राज्य बुडत असतानाही भिक्षुकाचा संसार कशावर चालत होता हे त्या हिशेबांतूनच समजते. राणीच्या ग्वाल्हेरजवळच्या अखेरच्या लढाईसाठी मात्र दुसरे साधन घ्यावेच लागेल. जून १८५८ मध्ये गोडसे तिथे नव्हते.