बाहेरून जेवण मागवणं कमी केलं, ८ महिन्यांनंतरचा अनुभव

मुद्दाम आठ महिने थांबून लिहितेय, पहिल्या पंधरा दिवसांत लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच लिहिलं असतं. आणि आधीच सांगते, एकदम बंद नाही केलंय. रात्रीचं जेवण महिन्यातून दोनदा मागवते, तेही आधी ठरवून. पूर्वी आठवड्यातून चारेक वेळा तरी व्हायचंच.

सुरुवात अशी झाली की एका रविवारी ॲपमधली मागच्या तीन महिन्यांची ऑर्डर हिस्टरी काढली आणि वहीत उतरवली, वार, वेळ, रक्कम सगळं. मला वाटलेलं जिभेचे चोचले निघतील, पण निघालं भलतंच. ५४ ऑर्डरींपैकी ४१ कामाच्या दिवशी रात्री साडेआठ ते साडेनऊच्या मधल्या, आणि त्यात काय खाल्लं ते निम्म्या वेळचं आठवतसुद्धा नाही. म्हणजे पैसे चवीचे जातच नव्हते, दमून घरी आल्यावर ओट्याशी उभं राहायचं त्राण नसायचं त्याचे जात होते. हे कळल्यावर पुढचं सगळं त्या एका तासावर बेतलं.

एकदा स्वतःचं एखादं बिल ओळ न ओळ वाचा, खरंच. पदार्थाची किंमत, मग पॅकिंग, डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म फी, कर, वर टिप. शिवाय ॲपवर मूळ किंमतच बऱ्याचदा हॉटेलात बसून खाल्लं तर पडते त्यापेक्षा जास्त असते, कारण ॲप हॉटेलवाल्याकडून कमिशन घेतं आणि तो बिचारा ते किमतीत धरतो. आणि ते "फ्री डिलिव्हरीसाठी अजून एवढ्याचं घ्या", त्यापायी मी १४ वेळा नको असलेला एक पदार्थ जास्तीचा घेतलेला, वहीत मोजला तेव्हा फार वाईट वाटलं. मेंबरशिपचंही तेच, एकदा भरली की वसूल करायच्या नादात अजून मागवलं जातं.

ॲप काढून टाकण्याचा मला काही उपयोग झाला नाही, दोन वेळा परत टाकलं, दोन मिनिटांचं काम. सेव्ह केलेलं कार्ड काढलं त्याने थोडा फरक पडला, नंबर टाकायला उठावं लागतं आणि तेवढ्यात विचार बदलतो. पण खरं काम केलं ते फ्रीजरने. रविवारी दोन तास काढते, जे काही करते ते दुप्पट करते आणि अर्धं एकेका माणसाच्या डब्यात भरून ठेवते. रात्री आलं की डबा काढायचा, गरम करायचा, पंधरा मिनिटांत ताट. ऑर्डर यायला याहून जास्त वेळ लागतो.

यात चुकाही झाल्या. पहिल्याच महिन्यात काचेची बरणी काठोकाठ भरून फ्रीजरला ठेवली, सकाळी बघते तर उभी तडकलेली. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं, हे शाळेत शिकलेलं पण बरणी भरताना कुठे आठवतं. सगळं जेवण टाकून द्यावं लागलं, काचेचे कण काय दिसतात थोडेच. आता वरती दोन बोटं जागा सोडते. डबे उथळच घ्या, जेवण लवकर गार होतं आणि गोठलेलं लवकर सुटतं. शिजवलेलं २ तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, साध्या फ्रीजमध्ये (४ अंश किंवा कमी) ३-४ दिवस धरायचे, त्यापुढचं असेल तर सरळ उणे १८ च्या फ्रीजरला. डब्यावर तारीख लिहायचा कंटाळा करू नका, गोठल्यावर सगळं सारखंच दिसतं.

आता पैशाचं. पहिले दोन महिने मला बचत दिसलीच नाही आणि मी जवळजवळ सोडून देणार होते. किराणा वाढला होता, उत्साहात आणलेली भाजी सडली, आणि सुटलेले पैसे त्याच खात्यात पडून राहिल्यामुळे इकडेतिकडे गेले. तिसऱ्या महिन्यापासून एक केलं, मागवायची इच्छा झाली आणि नाही मागवलं की त्या बिलाएवढी रक्कम तिथल्या तिथे दुसऱ्या खात्यात टाकायची. तिथून चित्रच बदललं. बाहेरच्या जेवणाचा जेवढा खर्च कमी झाला त्यातला साधारण तिसरा हिस्सा किराणा आणि गॅसमध्ये गेला, बाकीचा खरोखर उरला. कोणी म्हणालं की सगळाच्या सगळा वाचतो तर त्याने किराणा मोजलेला नाही असं समजा.

पाचव्या महिन्यात तापाने पडले तेव्हा चार दिवस सलग मागवलं आणि ते योग्यच होतं, अंगात ताकद नसताना कसला हट्ट करायचा.

दुपारच्या जेवणाचं मात्र अजून जमलेलं नाही. ऑफिसात सगळे मिळून मागवतात आणि त्यात मी अजूनही आठवड्यातून दोनदा तरी सापडते. या रविवारपासून त्याच्यासाठी दोन डबे जास्तीचे भरायला घेतलेत.