कार्डांच्या डब्याचे आठ महिने

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत मी डिस्पॅचला आहे. बारा वर्षं प्रत्येक मेलच्या शेवटी 'प्लीज ॲडव्हाइस' लिहीत आलो, 'सी' घालून. शेवटी एका ग्राहकाने उत्तरात तेवढं एक अक्षर लाल करून परत पाठवलं. त्याच शनिवारी बर्डीच्या बाजारातून इंग्रजीतल्या फसव्या शब्दांच्या कार्डांचा एक तयार संच घेऊन आलो.

संचाची छपाई चांगली होती, कार्डंही जाड. पण प्रत्येक कार्डावर जोडीतले दोन्ही शब्द शेजारी-शेजारी. महिनाभर घोकल्यावर झालं असं, की शाळेचे प्रिन्सिपल कोणत्या स्पेलिंगचे हे जे आधी मला पक्कं ठाऊक होतं, त्यातही शंका यायला लागली. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन हेच सांगत आलेत: सारखे दिसणारे नवे शब्द एकत्र शिकू नका, ते एकमेकांत मिसळतात. मला हे पैसे गेल्यावर कळलं.

मग बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच खण केले. ही रीत सेबास्टियन लाइटनर नावाच्या पत्रकाराने १९७२ मध्ये मांडलेली. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या खणात, चुकलं की थेट पहिल्या खणात. पहिला खण रोज घोकायचा, शेवटचा महिन्यातून एकदा. माझा नियम एवढाच की एका कार्डावर एकच शब्द, आणि तो तिसऱ्या खणात गेल्याशिवाय जोडीदाराचं कार्ड करायचं नाही. मोबाइलवरचं ॲपही वापरून पाहिलं, पण समोर चार पर्याय असले की मी शब्द ओळखतो आणि कोऱ्या मेलसमोर बसलो की अडखळतो. कार्डावर निदान हाताने लिहावं लागतं.

वाक्य मात्र स्वतःच्या घरातलंच हवं. 'बॉरो' आणि 'लेंड' मला वर्षानुवर्षं छळत होते, कारण आपल्याकडे 'उसनं' एकच, घेतलं काय नि दिलं काय. आता कार्डावर शेजारच्या काकू आहेत: काकू वाटीभर साखर 'बॉरो' करतात. दुसऱ्या कार्डावर आई ती 'लेंड' करते. 'ॲडव्हाइस'मध्ये आइस आहे. बर्फ ही वस्तू, म्हणून ते नाम. क्रियापदाला 'एस', आणि उच्चार 'ॲडव्हाइझ'. 'प्रॅक्टिस'ला ही युक्ती चालत नाही, तिथे उच्चार एकच. ब्रिटिश लिखाणात क्रियापदाला 'एस', अमेरिकन लिखाणात दोन्हीकडे 'सी'. आमचे ग्राहक दोन्हीकडचे, त्यामुळे मेल कुठे चाललाय ते आधी पाहतो.

खरा गोंधळ आपल्या लिपीने केलाय. बनियन, पश्चिम, कंबर आणि कचरा या चारही इंग्रजी शब्दांना आपण बिनधास्त 'वेस्ट' लिहितो. बनियनला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, बाकी तिघांना ओठ गोल होतात. कंबर आणि कचरा यांत 'ए' लांबतो, पण त्या दोघांचा उच्चार तंतोतंत एकच; फरक फक्त स्पेलिंगचा. हे मी मेट्रोत, प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर, खिडकीच्या काचेत तोंड पाहत शिकलो. समोरच्या आजी जागा बदलून बसल्या, ते सोडा.

मग उन्हाळा आला. डेझर्ट कूलर लावला आणि त्याच्यासमोरच्या टेबलावर ठेवलेलं खोकं आठ दिवसांत दमट झालं. शाई फुटली, चाळीसेक कार्डं गेली. तेव्हा सातवीतली लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही डेझर्ट म्हणून राहिले की डिझर्ट?" वाळवंटाला एक 'एस' आणि जोर सुरुवातीला, जेवणानंतरच्या गोडाला दोन 'एस' आणि जोर शेवटावर. तिने एका कार्डावर कूलर काढला, दुसऱ्यावर संत्रा बर्फी. बर्फीचे तुकडे दोन, कारण 'एस' दोन. पुढे माझ्याकडून ती कार्डं चुकली नाहीत.

आज २१४ कार्डं आहेत. शेवटच्या खणात ९६. 'लूझ' आणि 'लूस' सुटले, 'स्टेशनरी'ची दोन्ही स्पेलिंगं सुटली. 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' अजून पहिल्याच खणात लोळताहेत. पहिलं बहुधा क्रियापद, दुसरं बहुधा नाम, हे पाठ आहे. पण 'परिणाम' मनात आला की हात थांबतो. परवा मेलमध्ये दोन्ही टाळून सरळ 'चेंज' लिहिलं.

तयार संच घ्यायचाच असेल तर कात्री सोबत घ्या, जोड्या मधोमध कापून वेगळ्या करा. खोकं पत्र्याचं घ्या आणि कूलरपासून लांब ठेवा.