आगाखान पॅलेस: पुढून फोटो काढून परत फिरू नका

नगर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकून ते गेट इतकी वर्षं बघत आलोय की आत जायची कधी गरजच वाटली नाही. पुणेकराचं असंच असतं, पाहुण्यांना शनिवारवाडा दाखवायचा आणि स्वतः काही बघायचं नाही. मागच्या रविवारी कराडहून आत्या आली आणि म्हणाली ते सारसबाग-बिरसबाग राहू दे, गांधीजींना कोंडलेलं ते दाखव. म्हणून निघालो, मी, आत्या आणि आमचं चिरंजीव.

वनाजहून मेट्रोनं कल्याणीनगर. खाली एका रिक्षावाल्यानं एवढ्याशा अंतराचे 80 रुपये सांगितले, मीटर म्हणे बिघडलाय. चालत गेलो. आत्या 71 ची आहे आणि माझ्यापुढं चालत होती.

बिल्डिंग बघून आत्या थांबलीच, "आरं, ह्यो तुरुंग व्हय?" तिचं बरोबर होतं. कमानीच कमानी, चहूबाजूंनी रुंद व्हरांडा, पुढं हिरवळ. तिसऱ्या आगाखानांनी, म्हणजे इस्माइली मुस्लिमांच्या धर्मगुरूंनी, हा 1892 मध्ये बांधला, आसपासच्या गावांत दुष्काळ होता, लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून. तेव्हा ते जेमतेम 14 वर्षांचे होते. आमचंही पोरगं 14 चंच आहे, त्याला सांगितलं, त्यानं मोबाईलमधून मान वर करून "ओके" म्हटलं. 1969 मध्ये चौथ्या आगाखानांनी पॅलेस देशाला देऊन टाकला, आता गांधी नॅशनल मेमोरियल सोसायटी बघते.

आत चित्रं, फोटो, गांधीजींच्या वापरातल्या वस्तू. राजवाडा एवढा अवाढव्य आणि माणसाचं सामान बघायला जावं तर चार भांडी, चपला, चरखा, बस. माझं सगळ्यात जास्त लक्ष तिथं गेलं. झुंबरं-गालिचे बघायच्या अपेक्षेनं जाल तर निराश व्हाल.

पण खरी जागा मागे आहे आणि निम्मे लोक तिथं जातच नाहीत. आम्ही होतो तेव्हा पुढच्या पायऱ्यांवर एक जोडी आणि त्यांचा फोटोग्राफर, दुपट्टा उडव, परत उडव, असं चाललेलं, तिकडून बऱ्याच फॅमिल्या गेटकडे वळत होत्या. मागे बागेतून चालत गेलं की समाध्या. कस्तुरबांची आणि शेजारी महादेवभाई देसाईंची. गांधीजींच्या अस्थींचा काही भागही इथंच ठेवलाय.

महादेवभाई म्हणजे गांधीजींचे सेक्रेटरी, 25 वर्षं सोबत. 9 ऑगस्ट 1942 ला पकडून आणलं आणि सहाव्या दिवशी हार्ट अटॅकनं गेले, वय 50. तारीख ऐकून आत्या म्हणाली, "15 ऑगस्ट? आपला 15 ऑगस्ट?" हो, तोच, फक्त पाच वर्षं आधी. त्यानंतर सुटका होईपर्यंत गांधीजी रोज इथं फुलं वाहायला यायचे म्हणे.

बा गेल्या 22 फेब्रुवारी 1944 ला, महाशिवरात्रीच्या दिवशी. शेवटी शेवटी मुलानं, देवदासनं, विमानानं पेनिसिलिन मागवलं होतं, त्या काळी ते मिळणंच मुश्कील, पण आता तिला इंजेक्शनं टोचत बसू नका असं गांधीजींनी सांगितलं. हे मी आत्याला सांगितलं आणि ती चिडली. "द्यायला पायजे हुतं. बाईमाणसाला कोण इचारतं." मी वाद घातला नाही, मलाही नीट ठरवता येत नाही अजून. अंत्यसंस्काराला गांधीजींनी स्वतः काढलेल्या सुताची साडी नेसवली होती, हे सांगितल्यावर ती जरा निवळली, चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि बाच्या समाधीला हात लावून उभी राहिली. पोरानं तेव्हा मोबाईल खिशात टाकला, का ते माहीत नाही, मी विचारलंही नाही. 6 मे 1944 ला गांधीजींना सोडलं, म्हणजे जवळपास पावणेदोन वर्षं इथं, आणि बरोबरची दोन माणसं इथंच ठेवून.

आता कामाचं. दीड-दोन तास हाताशी ठेवा, संध्याकाळी बंद व्हायच्या वेळेला धावत येऊ नका, मागची बाजू राहून जाते. उन्हाळ्यात सकाळीच जा, पाण्याची बाटली घ्या. लहान पोरांना हिरवळ आवडेल, आतल्या खोल्यांत कंटाळतील. आजी-आजोबांना मात्र जरूर न्या आणि त्यांना बोलू द्या, आत्याला मी काय दाखवणार, तिच्या वडलांनी म्हणजे माझ्या आजोबांनी बेचाळीसला कराडच्या मोर्चात काठी खाल्लेली, हे मला त्या बागेत पहिल्यांदा कळलं.

निघताना आवारातल्या खादीच्या दुकानात आत्यानं एक पंचा घेतला. भाव करायला बघत होती, मी ओढून बाहेर काढली.