काडाच्या भिंतींची कार्यशाळा, आमच्याच शेतात

मोहोळजवळच्या आमच्या शेतात फेब्रुवारीत गव्हाच्या काडाच्या गाठी (दाबून बांधलेले गठ्ठे) रचून खोली बांधायची कार्यशाळा ठेवली. जागा आणि जेवण आमचं, शिकवणारे बाहेरचे. १८ जण आले.

गिलावा शिकवला तो अप्रतिम! काळी माती नको, वाळताना भेगा पडतात. पांढरी माती, वाळू आणि भुसा पायांनी तुडवायचा, मग तळहाताने गाठीत दाबून भरायचा. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात वाढलेल्या आमच्या आत्यांनी चिखल चिमटीत धरून पाहिला. म्हणाल्या, "अजून मुरू दे रे." सरांनी ऐकलं, रात्रभर मुरवला. हे मला फार भावलं.

दगडी जोतं दीड फूट घ्यायला लावलं, तेही बरोबरच. काडाचा खरा वैरी ओल. गाठीत २० टक्क्यांच्या आतच हवी. म्हणूनच तक्रार मोठी आहे. ताडपत्री शिकवणाऱ्यांनी आणायची होती, आणली नाही. तिसऱ्या रात्री पाऊस आला आणि ११ गाठी फेकाव्या लागल्या. तुम्ही अशी कार्यशाळा ठेवणार असाल तर ताडपत्री आधी स्वतः विकत घ्या.

मे महिन्यात पारा ४२ वर गेला, तरी वडील दुपारी त्या खोलीत पंख्याशिवाय झोपले.